तुमचे प्रश्न : फोन नंबर आधी घेऊन ठेवा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला. वेगळ्या धर्माच्या माणसांशी कसं बोलावं, बिघडलेलं कसं सावरावं, आपल्याच घरातल्यांना कसं समजवावं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. २६ वर्षं एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. अतिदक्षता विभागाबाहेर एक लांब बाक होता, त्यावर सगळ्या धर्मांची माणसं रात्र रात्र शेजारी बसायची. मला जे काही कळतं ते बरंचसं त्या बाकावरचं आहे.

ताई, माझे काका ७२ वर्षांचे आहेत. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते दुसऱ्या धर्माबद्दल रोज विखारी व्हिडिओ टाकतात. एकदा मी पुराव्यासकट लिहिलं की हा व्हिडिओ खोटा आहे. त्यावरून ग्रुपवर मोठं भांडण झालं. आता काका माझ्याशी बोलत नाहीत. गप्प बसू का?

गप्प बसू नका, पण ग्रुपवरही बोलू नका. सुना, जावई, नातवंडं सगळी बघत असताना चूक दाखवली की माणूस व्हिडिओची बाजू घेत नाही, स्वतःचा मान सांभाळतो. तुमचा पुरावा कितीही पक्का असला तरी त्या क्षणी तो त्यांना अपमानच वाटणार.

आधी काकांना भेटायला जा. पहिल्या भेटीत हा विषय काढूही नका, तब्येत विचारा, बसा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारा, ‘काका, तो व्हिडिओ बघून तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटली?’ आणि मग खरोखर ऐका. त्या रागाखाली पुष्कळदा वेगळंच काही निघतं. दिवसभर घरात एकटं असणं, मुलं लांब असणं, ओळखीचा परिसर बदलत जाणं, आपल्याला आता कुणी काही विचारत नाही ही सल. यातल्या कशाचंही औषध फॅक्ट-चेकच्या लिंकमध्ये नाही.

माझ्या वडिलांच्या बाबतीत मीही सहा महिने तुमच्यासारखीच लिंका पाठवत होते. एका संध्याकाळी त्यांनी मला एका मारहाणीचा व्हिडिओ दाखवला, ‘आपल्याकडे काय चाललंय बघ’ म्हणाले. आवाज बंद होता. मी म्हटलं, ‘बाबा, आवाज वाढवा ना जरा. ही माणसं कुठल्या भाषेत बोलतायत?’ त्यांनी फोन कानाशी धरून दोनदा ऐकलं. ती भाषा आपल्या देशातली नव्हतीच. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. मीही पुढे काही बोलले नाही. पण त्यानंतर काही पुढे पाठवण्याआधी त्यांचा मला फोन यायला लागला, ‘हे खरं आहे का गं?’ माझ्या सगळ्या लिंकांनी जे झालं नव्हतं ते त्यांच्या स्वतःच्या कानांनी झालं.

म्हणून काकांना निष्कर्ष देऊ नका, बघायला शिकवा. भाषा कुठली, दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत, गाड्यांच्या नंबरप्लेट कशा, अंगावरचे कपडे आत्ताच्या ऋतूचे आहेत का. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो निदान पाच जणांच्या साखळीतून आलाय, पाठवणाऱ्याने तो स्वतः लिहिलेला किंवा चित्रित केलेला नाही, हे त्यांना दाखवा. असे संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता यावेत, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये घातली ती याच कारणासाठी.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. संदेशात ‘अमुक वेळी अमुक ठिकाणी जमा’ किंवा कुणावर हल्ला करा असं काही असेल, तर तिथे काकांच्या मनाचा विचार करत बसायचं नाही. सरळ पोलिसांना कळवा.

आमच्या वसाहतीत चार वर्षं आम्ही सर्वधर्म स्नेहसंमेलन घेतो. सगळ्या धर्मांचे गुरू व्यासपीठावर येतात, सुंदर भाषणं होतात. गेल्या वर्षी एका अफवेवरून तणाव झाला, तेव्हा दोन दिवस कुणीही कुणाला साधा फोन केला नाही. मग हे सगळं खोटंच होतं का?

खोटं नव्हतं, अपुरं होतं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कार्यक्रमाचं वर्णन दीड पान आहे, पण वसाहतीतल्या वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी उरलेल्या ३६४ दिवसांत एकत्र काय केलं याची एक ओळही त्यात नाही.

व्यासपीठाची परंपरा जुनी आणि मोलाची आहे. १८९३ मध्ये शिकागोत सर्वधर्म परिषद भरली, त्यामुळे एका धर्माच्या माणसांना दुसऱ्या धर्माचा विचार त्याच धर्माच्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाला. पण व्यासपीठावर गुरू एकमेकांना भेटतात. खाली खुर्च्यांवर बसलेली माणसं आपापल्या ओळखीच्यांशेजारी बसून घरी जातात.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की नुसत्या शेजारामुळे पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या कामापुरता दोन्हीकडच्यांचा दर्जा सारखा हवा. ध्येय एक हवं. ते एकमेकांच्या मदतीनेच गाठायचं असावं. आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांचा पाठिंबा हवा. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये या विषयावरचे ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो असं त्यांना एकंदरीत दिसलं, आणि या गोष्टी जिथे पाळल्या होत्या तिथे तो जास्त कमी झालेला दिसला. आता तुमचं संमेलन या कसोटीला लावून बघा. वर्गणी कोण गोळा करतं, खुर्च्या कोण लावतं, सत्कार कोण करतं आणि कुणाचा होतो? चारही वर्षं एकाच समाजाची माणसं यजमान आणि दुसऱ्या समाजाची पाहुणी असतील, तर दर्जा सारखा कुठे राहिला? पाहुण्याशी आपण गोड वागतो, पण त्याच्याकडे हक्काने फोन करून ‘काय रे, हे काय ऐकतोय?’ असं विचारत नाही.

दंगली काही शहरांत होतात आणि तशाच दुसऱ्या शहरांत का होत नाहीत, हे राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांच्या तीन जोड्या घेऊन तपासलं. त्यातली एक जोडी अलीगढ आणि कालिकत यांची. २००२ मध्ये त्यांनी जे मांडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. येता-जाता नमस्कार, एकमेकांच्या घरी जाणं, मुलांचं एकत्र खेळणं हे चांगलं असतंच, पण मोठ्या शहरात कुणी ठरवून आग लावायला निघालं की तेवढं पुरत नाही. तिथे टिकतात ती व्यापारी मंडळं, कामगार संघटना, डॉक्टर-वकिलांच्या संघटना, वाचक मंडळं, क्रीडा संघ, जिथे दोन्ही समाजांचे सभासद रोजच्या व्यवहाराने एकमेकांत गुंतलेले असतात. भांडण झालं तर त्यांचं स्वतःचं नुकसान होतं, म्हणून अफवा आली की ती तपासायची त्यांनाच घाई असते.

हे मी एका रात्री डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या रक्तपेढीला अडीअडचणीला धावून येणाऱ्या तरुणांची एक वही होती. नाव, रक्तगट, फोन नंबर आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख, एवढेच रकाने. धर्माचा रकाना नव्हता. ही मुलं एकमेकांच्या घरी वगैरे फारशी जात नव्हती. पण रात्री दोनला ‘ओ निगेटिव्ह हवंय, तू निघालास का, की मी निघू?’ असे फोन त्यांच्यात वर्षानुवर्षं चालले होते. एका रात्री अपघातातला एक मुलगा आमच्याकडे आणला. तासाभरात बाहेर बातमी पसरली की त्याला दुसऱ्या समाजाच्या लोकांनी मारलं आणि तो गेला. फाटकाशी दोनेकशे माणसं जमली. तेव्हा वहीतल्या दोघांनी, एक या समाजाचा, एक त्या, एकमेकांना फोन केला. नंबर दोघांकडे होतेच. दोघं मागच्या दाराने आले, मला म्हणाले, ‘मॅडम, आम्हाला फक्त त्याला बघू द्या.’ मी मुलाच्या आईला विचारून त्यांना काचेपर्यंत नेलं. मुलगा शुद्धीवर होता, त्याने हात हलवला. दोघं फाटकाशी गेले. एकाने सांगितलं की मुलगा जिवंत आहे, मी आत्ता बघून आलो. दुसऱ्याने सांगितलं, गाडी घसरली, त्याची आईच म्हणते आहे. ओरडाआरडा लगेच थांबला नाही, पण मागची माणसं पांगायला लागली. फाटकावर पोलीस होते, डॉक्टरही बोलून थकले होते. त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

तेव्हा संमेलन बंद करू नका, पण त्याच्या आधी वर्षभर चालणारं एखादं काम उभं करा. कामाला तारखा असाव्यात, पाळ्या असाव्यात, नोंदवही असावी. एकट्या वृद्धांना दवाखान्यात नेणं, मुलांची अभ्यासिका, वाचनालय, पाणी किंवा कचरा यांचा पाठपुरावा, काहीही चालेल. सचिव एका समाजाचा असला तर खजिनदार दुसऱ्या समाजाचा असू द्या. खात्यावर दोघांच्या सह्या लागू द्या. पैशाचा हिशोब एकत्र ठेवणं हे मला दहा भाषणांपेक्षा मोठं वाटतं. आणि आजच सहा-सात जण ठरवा, दोन्हीकडचे, बायकाही. काही कानावर आलं तर पहिला फोन कुणी कुणाला करायचा, प्रत्यक्ष जाऊन कोण बघणार, हे आत्ता शांत असताना कागदावर लिहून ठेवा.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. इराकमध्ये आयसिसच्या हल्ल्यानंतर विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या हौशी फुटबॉल संघांवर संशोधक सलमा मूसा यांनी एक प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही संघ सगळे ख्रिस्ती ठेवले, काहींत मुस्लिम खेळाडू घातले. मिश्र संघांतली मुलं नंतरही मुस्लिम मुलांबरोबर सराव करत राहिली. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचं त्यांचं वागणं फारसं बदललं नाही. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. एका कामाने त्या कामातली माणसं जोडली जातात, म्हणून एकच काम पुरत नाही, एवढंच.

माझी माझ्या धर्मावर मनापासून श्रद्धा आहे. ‘सगळे धर्म शेवटी एकच’ हे वाक्य मला पटत नाही आणि तसं म्हटलं की मंडळी माझ्याकडे संशयाने बघतात. मी सलोख्याच्या कामाला अपात्र आहे का?

मुळीच नाही. मला तर तुमच्यासारखी माणसं या कामात जास्त हवी आहेत. ज्याला स्वतःची श्रद्धा प्रिय आहे त्याला दुसऱ्याची श्रद्धा दुखावली गेली की काय होत असेल हे आतून कळतं. ‘सगळं एकच’ म्हणणारा कधी कधी दुसऱ्याचं ऐकूनच घेत नाही, कारण त्याला वाटतं की त्याला ते आधीच ठाऊक आहे.

सम्राट अशोकाने इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात खडकांवर लेख कोरवून घेतले, त्यातला बारावा या प्रश्नावरच आहे. ‘समवायो एव साधु’, म्हणजे मेळ हाच चांगला, असं त्यात म्हटलं आहे. पण हा मेळ कसा? तर एकमेकांचा धर्म ऐकावा, ऐकायची इच्छा धरावी. आणि त्याचं मूळ कशात, तर ‘वचिगुती’त, म्हणजे वाणीच्या संयमात. आपल्या पंथाची उगाच स्तुती नको, दुसऱ्याची उगाच निंदा नको. आपली श्रद्धा सोडा असं त्यात कुठेही नाही.

आणखी तीन नियम मी कायम सांगते. १९८५ मध्ये स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये मॉर्मन या पंथाचं मंदिर बांधायला विरोध चालला होता, तेव्हा तिथले लुथरन या ख्रिस्ती पंथाचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी ते मांडले. दुसरा धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या अनुयायांना विचारा, त्याच्या शत्रूंना नको. आपल्याकडचं उत्तम आणि त्यांच्याकडचं वाईट यांची तुलना करू नका. आणि त्यांच्यात जे आपल्याकडे नाही असं सुंदर दिसेल, त्याचा पवित्र हेवा वाटायला मनात जागा ठेवा. दुसरा नियम सगळ्यात अवघड आहे. आपल्या धर्माचं बोलताना आपण संत आठवतो आणि त्यांच्या धर्माचं बोलताना गुंड. रोज एकदा तरी स्वतःला पकडा यात.

वाचायचं असेल तर मुळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. विनोबा कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकले. आपण तेवढं करू शकणार नाही, पण निदान एखादा विश्वासू अनुवाद आणि तो धर्म रोज जगणारा एखादा मित्र, एवढं तर जमेल.

आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘माझ्या मैत्रिणीचा देव खोटा आहे का?’ मला काही सुचलं नाही.

आधी विचारा, ‘असं कोण म्हणालं?’ वर्गातलं कुणी की घरातलं कुणी, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. घरातलं असेल तर मुलीशी नव्हे, त्या मोठ्या माणसाशी बोला. मुलीला इतकंच सांगा, ‘आपण अशी प्रार्थना करतो, ती तशी करते, तिला ती तुझ्याइतकीच आवडते. ती कशी करते ते तिलाच विचार ना.’ आठव्या वर्षी तत्त्वज्ञान नको. मैत्रिणीला घरी बोलवा आणि मुलीलाही तिच्या घरी जाऊ द्या. दुसरं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं.

वीस वर्षांपूर्वीच्या दंगलीत माझा भाऊ गेला. माझ्या ऑफिसात आता त्या समाजाचे सहकारी आहेत, चांगले आहेत. पण त्यांच्याशी हसून बोलताना भावाशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात, माफ कर. मला जमत नाही.

भाऊ, तुमचं पत्र टेबलावर आठवडाभर होतं. आधी एक गोष्ट. तुम्हाला माफ कर म्हणायचा अधिकार कुणालाही नाही, मलाही नाही. ज्याने मारलं त्याच्या बाबतीत न्याय मागणं हा तुमचा हक्क आहे आणि सलोख्याच्या नावाखाली तो सोडायला सांगणारी माणसं तुमच्यावर अन्यायच करतात.

तुमचे सहकारी मात्र ते मारणारे नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर ओढाताण होते आहे. नायजेरियातल्या कडुना शहरातल्या दोघांबद्दल सांगते. पाद्री जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशाफा. १९९२ च्या हिंसाचारात दोघं एकमेकांविरुद्धच्या टोळ्यांत होते. वुये यांनी उजवा हात गमावला. अशाफा यांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. पुढे त्यांची गाठ पडली आणि १९९५ मध्ये दोघांनी मिळून मध्यस्थीचं केंद्र काढलं. त्यांच्याबद्दल बोलताना लोक थेट मैत्रीवर येतात. पण वुये यांनी स्वतः सांगितलं आहे की बरोबर काम करायला लागल्यावरही बराच काळ त्यांच्या मनातला द्वेष गेला नव्हता. म्हणजे आधी मन स्वच्छ झालं आणि मग काम सुरू झालं, असं नाही घडलं. काम चालू होतं, आणि मनाला लागला तितका वेळ लागला.

तुम्ही हसून बोलता, ती बेइमानी नाही. जमलं तर एखाद्या विश्वासातल्या सहकाऱ्याला भावाबद्दल सांगा. त्याने काही उत्तर द्यावं म्हणून नाही, भावाचं नाव त्या ऑफिसात एकदा उच्चारलं जावं म्हणून. त्याने ऐकताना स्वतःच्या समाजाची सफाई द्यायला सुरुवात केली तर तिथेच थांबा, माणूस चुकला असं समजा आणि दुसरा शोधा. तो गप्प बसून ऐकत राहिला, तर पुढचं तुमचं तुम्हाला कळेल. झोप लागत नसेल, ते दिवस डोळ्यांपुढे येत असतील, तर समुपदेशकाकडे जरूर जा. वीस वर्षांनंतरही उपयोग होतो.

वेगळ्या धर्माच्या सहकाऱ्याची आई वारली. घरी जावं का? तिथल्या रीती माहीत नाहीत, काही चुकलं तर?

जा. आजच जा.

चुकण्याची भीती मला समजते, कारण मी मोठी चूक केलेली आहे. एका वृद्ध बाईंचा शेवट जवळ आला होता. घरची माणसं प्रवासात होती. मी आडनावावरून धर्म ओळखला, धर्मावरून पंथही ओळखला असं मला वाटलं, आणि स्वतःहून एका धर्मगुरूंना बोलावून घेतलं. मुलगी पोचली तेव्हा प्रार्थना चालू होती, ती त्यांच्या पंथाची नव्हती. ती रागावली नाही. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘बाई, मला एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं, आईला काय आवडायचं ते.’ त्यानंतर मी माझ्या फॉर्मवर धर्माच्या रकान्याखाली पेनाने एक ओळ वाढवली : ‘वेळ आली तर कुणाला विचारायचं?’ आणि समोर फोन नंबर.

तुम्हीही दारात जो पहिला भेटेल त्याला हळूच विचारा, ‘मी कुठे बसू? काही करायचं असतं का?’ ते सांगतील तसं करा. कुणी सरकून जागा दिली तर बसा. बोलायची घाई करू नका.